गेंडा, न्हावी आणि पाकोळी

सेवानिवृत्त मनुष्याला तीन महिने घरात ठेवून घेणे हे किती जोखमीचे काम आहे, हे ज्याच्या घरी तो राहायला जातो त्यालाच कळते. सातारच्या कचेरीत जमिनीच्या दफ्तरांत उभी हयात काढून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलेला, आणि वाईच्या घाटावर संध्याकाळी बसून राहण्यापलीकडे कोणताही व्यासंग न जोडलेला माझ्यासारखा इसम विलायतेत स्विंडन गावी लेकीकडे येऊन दाखल झाला, म्हणजे पहिल्या आठवड्यात तो घरातल्या नळांची मोजदाद करतो, दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याच्या कुंपणाची हद्द बरोबर आहे की नाही याचा मनातल्या मनात पंचनामा करतो, आणि तिसऱ्या आठवड्यात जावयाकडे घराचे खरेदीखत पाहायला मागतो. आमच्या जावईबापूंनी खरेदीखत दाखवले नाही. त्याऐवजी त्यांनी येत्या शनिवारी सहलीचा बेत जाहीर केला.

या बेतामागे बराच मुत्सद्दीपणा होता. नातवाला प्राणी पाहायचे होते. मला जुन्या इमारती पाहायच्या होत्या, कारण ज्या वस्तूला दीडशे वर्षे झालेली नाहीत तिच्याविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न होत नाही. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की देश कोणताही असो, मनुष्याने महिन्यातून एकदा कुठल्या तरी देवाच्या पायाशी जाऊन यावे; आणि लेकीची मागणी इतकीच होती, की त्या दिवशी तिला स्वयंपाकघरात उभे राहावे लागू नये. या सर्व अर्जांचा साकल्याने विचार करून जावईबापूंनी फर्मान काढले, की सकाळी कॉट्सवोल्डचे प्राणिउद्यान, दुपारी बर्फर्डचे चर्च आणि त्यानंतर दिवस उरेल त्याप्रमाणे आसपासच्या खेड्यांतली दोन-तीन जुनी चर्चे पाहावी. सिंह आणि देव एकाच दिवसात उरकण्याची ही तजवीज ऐकून सौभाग्यवती पहाटे उठल्या आणि त्यांनी पंचवीस थालीपिठे थापली. लेकीच्या मागणीचा निकाल असा लागला, की ती स्वयंपाकघरात उभी राहिली नाही. ती तिथे थालीपिठे कागदात गुंडाळत बसली.

स्विंडनहून बर्फर्डला जाणारा रस्ता लेचलेड गावाशी टेम्स नदी ओलांडतो. ज्या नदीच्या काठी बसून यांच्या पार्लमेंटने आमच्यावर राज्य केले ती नदी इथे इतकी किरकोळ आहे, की आमच्या कृष्णामाईने तिला वाईतच कडेवर घेतले असते. तिथून पुढे घरांचा दगड बदलतो. कॉट्सवोल्ड टेकड्यांतला हा चुनखडीचा दगड कऱ्हाडच्या गुळाच्या ढेपेच्या रंगाचा असतो. घरे त्याची, कुंपणे त्याची, आणि पुष्कळ ठिकाणी छपरावरची कौलेसुद्धा त्याचीच. सबंध गाव एकाच ढेपेतून फोडून काढल्यासारखे दिसते, आणि मुंगळे तेवढे कसे लागले नाहीत याचे आश्चर्य करीत मनुष्य पुढे जातो.

प्राणिउद्यानाच्या दाराशी मी तिकिटाच्या रकमेचे रुपयांत रूपांतर केले. ही चूक परदेशी गेलेला प्रत्येक बाप एकदाच करतो. त्यानंतर लेक त्याला तिकीट पाहू देत नाही. आत गेल्यावर मात्र तक्रारीला जागा उरली नाही. एकशे साठ एकरांचे आवार, त्यात पुराण्या वृक्षांची गर्दी, आणि त्या गर्दीतून मधूनच जिराफाची मान, आपल्याला पिकनिकला बोलावलेले नाही याची खात्री करून घेत असल्यासारखी, वर येते. नातू प्रथम पेंग्विनांकडे धावला. ते हंबोल्ट जातीचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, असे फलकावर लिहिले होते.

“हे तर राणीच्या बागेत पाहिलेत,” सौभाग्यवती म्हणाल्या. “भायखळ्याला. तिथे गर्दी जास्त होती, पण तिकीट कमी होतं.”

त्यांना तिकिटाची रक्कम कोणी सांगितली हे मला आजवर कळलेले नाही.

प्राणिउद्यानासंबंधी एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते, ती अशी, की प्राणी पाहायला जाणारा मनुष्य दिवसाचा बहुतेक वेळ फलक वाचण्यात घालवतो. प्रत्येक आवारापुढे एक सुबक फलक असतो. त्यावर प्राण्याचे चित्र, त्याचे लॅटिन नाव, त्याचा मुलूख, त्याचा आहार आणि त्याच्यावर ओढवलेले संकट यांचे वर्णन असते. आणि फलकाच्या मागे गवत असते. आम्ही अशा रीतीने ढगाळ बिबट्याचे गवत पाहिले आणि तांबड्या पांडाचे झाड पाहिले. झाडाच्या शेंड्याशी तपकिरी रंगाचे काहीतरी होते. तो पांडा असावा, किंवा कोणाची तरी टोपी असावी. याला अपवाद फक्त मीरकॅटांचा. मुंगसाच्या कुळातले हे चिमुकले प्राणी मागच्या दोन पायांवर ताठ उभे राहून, पुढचे पंजे पोटावर ठेवून, आल्यागेल्याकडे असे पाहत होते, की दौऱ्यावर साहेब येणार म्हणून सकाळपासून कचेरीच्या पायरीवर उभे केलेले आमचे शिपाईच मला आठवले.

सिंहाच्या आवारापुढे मात्र वातावरण पालटले. तिथे पन्नासेक माणसे उभी होती आणि कोणीही बोलत नव्हते. ज्या पोरांनी आतापर्यंत सबंध उद्यान डोक्यावर घेतले होते ती बापाच्या खांद्यावर बसून श्वास रोखून पाहत होती. एक म्हातारी बाई काठीवर दोन्ही हात ठेवून डोळे किलकिले करून उभी होती. मागून येणारा मनुष्य पाय न वाजवता येई आणि पुढचा दमला की त्याला जागा करून देई. फलकावरून कळले, की हा आशियाई सिंह, आणि याच्या जातीचे रानातले घर आता जगात एकच, गुजरातेतील गीरचे अरण्य. एकेकाळी बोटांवर मोजण्याइतकी उरलेली ही जात जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आवर घातल्यामुळे वाचली, आणि २०२५ च्या खानेसुमारीत तिथे ८९१ सिंह भरले. हे वाचताच माझा ऊर भरून आला, कारण गीरच्या पूर्वेकडचा अमरेली-धारीचा मुलूख हा बडोदेकर गायकवाडांच्या अमलाखाली होता. म्हणजे या सिंहाच्या पूर्वजांपैकी एखाद्याने कधीतरी मराठी वहिवाटदाराचा बैल खाल्ला असण्याचा पुरेपूर संभव होता, आणि परमुलखात भेटलेल्या मनुष्याशी नाते लावायला आम्हांला इतका पुरावा पुष्कळ होतो.

जावईबापूंनी आणखी माहिती पुरवली. युरोपातल्या प्राणिउद्यानांत या सिंहांच्या वंशावळीचे एक दफ्तर ठेवलेले असते. कोणत्या उद्यानातली सिंहीण कोणत्या उद्यानातल्या सिंहाला द्यायची, हे त्या दफ्तरावरून ठरते, आणि रक्ताचे नाते जवळचे निघाले तर ते स्थळ मोडते. ज्या कामासाठी आमच्याकडे त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये आपल्या जाडजूड चोपड्या सांभाळत बसतात तेच काम इथे शास्त्रज्ञ करतात. फरक इतकाच, की सिंहाच्या लग्नात मानपानावरून कोणी रुसत नाही.

इतक्यात गवतातून एक गोंडा वर आला. तो शेपटीचा होता. जमावातून एक दबलेला हुंकार उमटला. मग आयाळ दिसली, मग एका अवाढव्य मस्तकाने वर येऊन आम्हां सर्वांकडे, विशेष कोणाकडे नाही अशा दृष्टीने, पाहिले, एक जांभई दिली आणि ते पुन्हा गवतात गेले. सगळे मिळून अर्धे मिनिट. पण आषाढीला वीस तास रांगेत उभे राहून दर्शन घेतलेला वारकरी ज्या मुद्रेने मंडपाबाहेर पडतो, त्याच कृतार्थ मुद्रेने ती माणसे एकमेकांकडे पाहून हसू लागली. कोणी ओळखपाळख नसताना माझ्याशी बोलले, आणि इंग्रज मनुष्य ओळखीवाचून बोलतो तेव्हा प्रसंग अलौकिकच असावा लागतो. बाजूला पाहतो तो सौभाग्यवतींनी हात जोडलेले होते.

“अगं, काय हे?”

“देवीचं वाहन आहे ते,” त्या म्हणाल्या. “तुम्हीही जोडा.”

मी जोडले. वहिवाटदाराच्या बैलाची आठवण ठेवून जोडले.

तिथून पुढे हिरवळीच्या टोकाशी एक इमारत दिसू लागली: उंच, टोकदार कमानींच्या खिडक्या, वर बुरुजांची नक्षी, अंगावर वेल. “हेच का चर्च?” सौभाग्यवतींनी विचारले, आणि पदर सावरला. ते चर्च नव्हते. ब्रॅडवेल ग्रोव्ह नावाच्या जहागिरीचा तो वाडा, १८०४ च्या सुमारास गॉथिक धर्तीवर बांधलेला. बांधणाऱ्याला घरात राहायचे होते पण दिसायला चर्च हवे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे तो एका सरकारी इस्पितळ मंडळाच्या कचेरीला भाड्याने दिलेला होता. ती कचेरी उठल्यावर, १९७० साली, मालक जॉन हेवर्थ यांनी ही जहागीर लोकांना खुली केली, आणि पुढे वाड्यापुढच्या हिरवळीवर पांढरे गेंडे आणून सोडले. ते गेंडे आजही तिथे चरत असतात. जिथे एकेकाळी अर्जदार उभे राहत असतील तिथे हे दोन-दोन टनांचे जीव, आपल्या निबर कातडीवर काहीही परिणाम होऊ न देता, मान खाली घालून रवंथाविना चरताना पाहून, कचेरी उठून गेंडे आले हा पालट आसपासच्या लोकांच्या लक्षात यायला किती दिवस लागले असतील, असा विचार माझ्यासारख्या अनुभवी माणसाच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. कामाचा वेगही सरकारीच. उद्यान उघडले १९७० साली, आणि गेंड्याचे पहिले पिल्लू इथे जन्मले २०१३ मध्ये. गेंडिणीचा गर्भकाळ सोळा महिन्यांचा असतो हे मान्य केले तरी बाकीची एक्केचाळीस-बेचाळीस वर्षे प्रकरण कोणत्या टेबलावर अडकले होते, हा प्रश्न राहतोच.

दुरून पाहिले तर गेंडे आणि वाडा यांच्यामध्ये कुंपण काही दिसत नाही. नातवाने भीत भीत विचारले, की तो आपल्याकडे आला तर? तेव्हा जावईबापूंनी हिरवळीत दडलेला खंदक दाखवला. एका अंगाला सरळ भिंत, दुसऱ्या अंगाला उतार, आणि वाड्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला सगळी हिरवळ सलग दिसावी अशी योजना. इंग्रज लोक या प्रकारच्या खंदकाला ‘हा-हा’ म्हणतात. हे मी विनोद म्हणून लिहीत नाही. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांतही हेच नाव आहे. हद्दीच्या तंट्यांत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला बांधाला कोणी ‘हा-हा’ म्हणेल ही कल्पनाही शिवली नव्हती. आमच्याकडे बांधावर डोकी फुटतात.

दुपारी एका वृक्षाखाली थालीपिठे, लोण्याऐवजी लेकीने आणलेले दही, आणि लसणीची चटणी असा फराळ झाला. शेजारच्या चटईवरच्या इंग्रज कुटुंबाने आपल्या फिकट सँडविचांवरून आमच्या पानांकडे जी दृष्टी टाकली, तीत त्या दिवशी उद्यानात पाहिलेल्या कोणत्याही श्वापदाच्या दृष्टीपेक्षा अधिक आर्तता होती. सौभाग्यवतींनी दोन थालीपिठे पाठवली. तिकडून एक केक आला. अशा रीतीने दोन्ही राष्ट्रांमधील व्यवहार, माझ्या माहितीप्रमाणे प्रथमच, बरोबरीच्या पायावर पार पडला.

बर्फर्डचे चर्च हे नदीकाठी, उताराच्या टोकाशी आहे. दाराशी येताच सौभाग्यवती थबकल्या आणि पायांतले बूट काढू लागल्या.

“आई, इथे काढत नाहीत,” लेक म्हणाली.

“चपला घालून देवाच्या दारात?”

“सगळेच जातात.”

“सगळे जातात म्हणून...” असे म्हणून त्या बुटांसकट आत आल्या खऱ्या, पण उरलेला सबंध वेळ त्या टाचा वर उचलून, कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणातून चालल्याप्रमाणे चालत होत्या. शिवाय आत गेल्यावर वाजवायला घंटा नाही. घंटा मनोऱ्यात, तिचे दोर गुंडाळून वर बांधलेले. “आमच्या मेणवलीला घाटावर चर्चचीच घंटा आहे,” त्यांनी सेवेसाठी बसलेल्या एका वृद्ध इंग्रज बाईंना सांगितले. आणि ते खरेच आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. त्यांतली एक वाईपासून कोसभरावर मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर अजून टांगलेली आहे, आणि तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीचे चित्र आहे. सौभाग्यवतींचे बालपण त्या घंटेच्या आवाजात गेलेले. “पण आम्ही ती वाजवतो,” त्यांनी जाता जाता जोडले. वृद्ध बाई अतिशय सौजन्याने हसल्या. घंटा परत मागावी असे त्यांच्या मनात आले असले तरी त्यांनी तसे दर्शवले नाही.

या चर्चमध्ये एका न्हाव्याचे स्मारक आहे, आणि ते पाहण्यासाठी मी पुन्हा एकदा तिकीट काढून विलायतेला जाईन. एडमंड हार्मन हा आठव्या हेन्री राजाचा न्हावी. ज्या राजाने स्वतःच्या दोन राण्यांची मुंडकी उडवली त्याच्या मानेवर रोज सकाळी वस्तरा धरून शिवाय स्वतःचे डोके धडावर राखणे, हे केवढे कौशल्य असेल! राजाच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून त्याचे नाव आहे, आणि मठ खालसा झाले तेव्हा इथली जमीन त्याला इनाम मिळाली. १५६९ साली त्याने जिवंतपणीच हे स्मारक उभारले. खाली नऊ मुलगे आणि सात मुली ओळीने कोरल्या आहेत. वर, कोणास ठाऊक कोणत्या कारणाने, दक्षिण अमेरिकेतले रानटी समजले गेलेले आदिवासी पिसांसकट उभे आहेत. इंग्लंडात त्या लोकांची याहून जुनी मूर्ती नाही असे म्हणतात. इतका सरंजाम उभारून हा गृहस्थ पुरला गेला शेजारच्या टेंटन गावी. दस्तऐवज एका जागी आणि ताबा दुसऱ्या जागी, हा प्रकार माझ्या परिचयाचा असल्यामुळे मला न्हाव्याविषयी विशेष आपुलकी वाटली.

तिथून चार पावलांवर दगडी कुंड आहे, बाप्तिस्म्याचे. त्याच्या शिशाच्या काठावर एका कैद्याने आपले नाव खरडले आहे. १६४९ च्या मे महिन्यात, पहिल्या चार्ल्स राजाचे डोके उडवून साडेतीन महिने झाले असताना, पार्लमेंटचा सेनानी क्रॉमवेल याच्याच फौजेतले काही शिपाई थकलेला पगार आणि सामान्य माणसाचे हक्क मागत बिथरले. क्रॉमवेलने त्यांना बर्फर्डमध्ये गाठले आणि तीनशेचाळीस जणांना या चर्चमध्ये कोंडले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांपैकी तिघांना बाहेरच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. बाकीच्यांना ते छपरावरून पाहायला लावले. आत कोंडलेल्यांतल्या अँथनी सेडली नावाच्या शिपायाने कुंडावर आपले नाव, साल आणि ‘कैदी’ हा शब्द कोरला, आणि कोरताना त्या इंग्रजी शब्दातले एक अक्षर गाळले. उद्या आपल्याला बाहेर नेतील की काय हे ठाऊक नसलेल्या मनुष्याच्या हातून अक्षर गळणारच. मी त्या खरडीवरून बोट फिरवले आणि थोडा वेळ माझ्याने काही बोलवले नाही. सिंहगडच्या भिंतीवर आपले व प्रेयसीचे नाव कोरणाऱ्या पोरांना मी आजवर मनसोक्त शिव्या दिल्या आहेत, आणि पुढेही देईन. पण थकलेला पगार मागणाऱ्याने खरडलेले अक्षर हा सरकारी दफ्तरातला पुरावा असतो, तो पुसायचा नसतो. हे सगळे ऐकून नातवाने खिशातून पेन काढले, ते जावईबापूंनी जप्त केले.

जुन्या वास्तूंचा कळवळा ज्यांना आहे त्यांनी या चर्चचे आणखी एका कारणासाठी आभार मानले पाहिजेत. १८७६ मध्ये कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस इथे आला तेव्हा जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने काम खरवडून काढणे चालू होते. ते पाहून तो संतापला. त्यावर इथल्या पाद्रीबाबांनी, चर्च माझे आहे, मला वाटले तर मी त्यात डोक्यावर उभा राहीन, अशा अर्थाचे उत्तर दिले म्हणतात. पुढल्याच वर्षी मॉरिसने प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ती अजून चालू आहे. आमच्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळाला गुलाबी ऑइलपेंट आणि गाभाऱ्याला न्हाणीघराच्या फरशा लावणारे विश्वस्त पाहिले, की पाद्रीबाबांचा संप्रदाय वाढला आणि मॉरिसचा खुंटला असे वाटते. निदान ते डोक्यावर उभे राहते तर इमारत तरी वाचती.

तिथून जवळच्या स्विनब्रूक खेड्यातल्या चर्चमध्ये मी शिरलो आणि मोठ्याने हसलो, ही गोष्ट शोभेशी नव्हती, पण इलाज नव्हता. वेदीच्या डाव्या हाताला फेटिप्लेस घराण्यातले सहा सरदार दगडात कोरलेले आहेत: एकावर एक तीन फळ्या, प्रत्येक फळीवर एक सरदार कोपरावर रेललेला, शेजारी पुन्हा तशाच तीन. महालक्ष्मी एक्सप्रेसचा स्लीपरचा डबा. लोअर, मिडल आणि अप्पर. डावीकडचे तिघे १६१३ च्या सुमाराचे. चिलखत घालून ताठ पडलेले, सामान चोरीला जाईल म्हणून रात्रभर जागणाऱ्या प्रवाशासारखे. दुसरे तिघे १६८६ चे; ते ऐसपैस, केस मोकळे सोडून, मिरजेपर्यंत काही उतरायचे नाही अशा निश्चिंतीने पहुडलेले. सगळेच्या सगळे एकाच बाजूला तोंड करून, तिकीट तपासनिसाची वाट पाहत. १८०५ मध्ये हे घराणे निर्वंश झाले, वाडा नामशेष झाला, आणि हे सहा जण तेवढे आरक्षित जागेवर राहिले.

इथली बाके ओकच्या लाकडाची. विसाव्या शतकात इथे राहणाऱ्या लॉर्ड रीड्सडेल यांनी ग्रँड नॅशनल शर्यतीत घोड्यावर पैज लावून जिंकलेल्या पैशातून ती करून दिली, असे सांगतात. त्यांच्या गाजलेल्या मिटफर्ड कन्यांपैकी काही बाहेर गवतात पुरलेल्या आहेत. सौभाग्यवतींना ही हकीकत कळताच त्या बाकावरून उठल्या. “जुगाराच्या पैशाचं बाक!” मग गुडघे दुखतात म्हणून पुन्हा बसल्या. “घोड्याचा काय दोष,” त्या म्हणाल्या.

विडफर्डचे चर्च शेतात आहे, आणि शेतात म्हणजे शेतातच. रस्ता नाही, पायवाट. विंडरश नदीकाठच्या या कुरणात एकेकाळी गाव होते. आता गवताखाली उंचवटे आहेत, त्यांवर मेंढ्या, आणि मधोमध घराएवढे हे देऊळ. भिंतीवर सहाशे वर्षांहून जुनी फिकट चित्रे आहेत. शिकारीला निघालेल्या तीन राजांना तीन सांगाडे भेटतात, असा प्रसंग. जमिनीखाली रोमन काळची रंगीत खड्यांची फरशी सापडलेली. पण माझ्या अंतःकरणाचा ठाव घेतला तो वेगळ्याच गोष्टीने. चारी बाजूंनी ऑक्सफर्डशरने वेढलेला हा तुकडा १८४४ पर्यंत ग्लॉस्टरशर जिल्ह्यात मोडत असे! औंध संस्थानची गावे सातारा जिल्ह्यात मिठाच्या खड्यांसारखी विखुरलेली असत, त्यांच्या नकाशांनी आमच्या कचेरीतल्या तीन पिढ्यांचे डोळे गेले. त्या कुरणात उभे राहून, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या चतकोरावर फेऱ्या घालून गेलेल्या माझ्या अनोळखी इंग्रज समव्यावसायिकाला मी मनोमन नमस्कार केला. मेंढ्यांनी माना वर करून पाहिले. आसपास दुसरे कोणीही नव्हते.

आणि इथेच मला त्या दिवसातले वैगुण्य जाणवू लागले. उद्यानात श्वापदांपुढे पन्नास-पन्नास माणसे मौन धरून, दर्शनाची आस लावून उभी होती. इथे देवापुढे कोणी नव्हते, आणि दार मात्र कुलपावाचून उघडे. दारावर चिठ्ठी, की पाखरे आत अडकतात, जाताना दार लोटून घ्यावे. आत ताजी फुले, फळीवर जुन्या पुस्तकांची रास, शेजारी पैसे टाकायची पेटी आणि हजेरीचे पुस्तक. कोणी विचारणारा नाही. ज्या जमावाने हे बांधले तो केव्हाच उठून गेला, पण झाडलोट थांबली नाही.

शेवटचे चर्च कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. परतीच्या वाटेवर एका खेड्यात मनोरा दिसला म्हणून थांबलो. दार लोटताच आत काळोख, आणि काळोखातून आलेल्या एका वासाने आम्ही सगळेच जागच्या जागी उभे राहिलो. उग्र, कोरडा, थोडा नवसागरासारखा. वेदीवर मेणकापड अंथरले होते, त्यावर काळ्या लेंड्यांचा सडा. छपरातून बारीक चीं-चीं ऐकू येत होती.

“वटवाघळं,” जावईबापू म्हणाले. “१९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. त्यांना हुसकता येत नाही. माणसांनीच आवरून घ्यायचं.”

“पाकोळ्या,” सौभाग्यवतींनी दुरुस्ती केली, “वटवाघळं मोठी असतात.” आणि कोणी काही म्हणण्याच्या आत त्यांनी दाराशी वाकून बूट काढले.

“आई, अगं, खाली घाण आहे!”

“असू दे. गाभाऱ्यात शिरल्यासारखं आत्ता कुठे वाटलं.”

त्या मोज्यांनिशी, टाचा खाली टेकवून, सरळ वेदीपर्यंत गेल्या आणि त्यांनी हात जोडले. तेवढ्यात तुळईवरून अंगठ्याएवढी एक पाकोळी सुटली, तिने आमच्या डोक्यांवरून दोन घिरट्या घातल्या आणि ती मनोऱ्याच्या बाजूला दिसेनाशी झाली. नातवाने माझा हात घट्ट धरला होता. “आजोबा,” तो कुजबुजला, “हा सगळ्यांत बेस्ट प्राणी होता. आणि याला पिंजरा पण नाही.”

तिकीटही नव्हते, पण ते मी बोललो नाही.

बाहेर पडताना मी हजेरीचे पुस्तक उघडले. उद्यानात मी असे पुस्तक मागितले होते, तिथे ते ठेवत नाहीत. इथे शेवटची नोंद अकरा दिवसांपूर्वीची होती. मी तारीख घातली, नाव घातले, राहणार वाई असे लिहिले. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. इतर लोकांनी त्यात ‘शांत’, ‘सुंदर’ असे इंग्रजीत लिहून ठेवले होते. असल्या शेऱ्यावर आमच्या कचेरीत प्रकरण परत आले असते. मी पेन मागितले, तेव्हा जावईबापूंनी जप्त केलेले नातवाचे पेन मला दिले, आणि त्या पेनने मी मराठीत लिहिले: पाकोळी एक. समक्ष पाहिली.